छोट्या कार्यालयासाठी पीडीएफ संपादनाची आज्ञावली

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, तालुक्याच्या गावची शाळा असो, की एखाद्या पतसंस्थेचे दोन टेबलांचे कार्यालय असो, तेथे येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या कागदांपैकी मोठा भाग आता पीडीएफ स्वरूपात असतो. शासन निर्णय आणि परिपत्रके त्याच स्वरूपात येतात. ग्रामसभेचे इतिवृत्त, उपयोगिता प्रमाणपत्रे, लाभार्थ्यांच्या याद्या त्याच स्वरूपात पाठवाव्या लागतात. साहजिकच पीडीएफमध्ये दुरुस्ती करता येईल अशी एखादी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, घ्यावे अशी मागणी केव्हा ना केव्हा पुढे येते. ही मागणी रास्त असली, तरी बहुधा ती नेमकी नसते. दुरुस्ती या एका शब्दात चार-पाच निरनिराळी कामे दडलेली असतात. त्यांतील बहुतेक कामे विनामूल्य आज्ञावलींनी उत्तम होतात. आणि ज्या कामासाठी लोक पैसे खर्च करू पाहतात, ते काम मराठी मजकुराच्या बाबतीत बऱ्याचदा नीट होतच नाही.

मराठी अक्षरांची अडचण

पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी या कंपनीने १९९३ मध्ये पुढे आणले आणि २००८ मध्ये त्याला आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही छपाई यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्यामागील हेतू होय. पानावरील मजकूर पुढे कोणी बदलावा, हा मूळ हेतू नव्हे. पीडीएफच्या पोटात परिच्छेद आणि वाक्ये असतातच असे नाही. कोणती आकृती पानावर कोठे उमटवावी, एवढीच नोंद मुख्यतः तेथे असते.

रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे साधारणतः एक आकृती, म्हणून हे निभावते. देवनागरीत तसे नाही. ‘किल्ला’ हा शब्द घेऊ. त्यातील ऱ्हस्व इकाराची वेलांटी ‘क’नंतर टंकलिखित होते, परंतु पानावर ती ‘क’च्या आधी उमटते. पुढे दोन ‘ल’ मिळून जोडाक्षराची एक वेगळीच आकृती तयार होते. या आकृतींवरून मूळ अक्षरे कशी ओळखावीत याची नोंद फाइलमध्ये अपुरी असेल, तर मजकूर डोळ्यांना स्वच्छ दिसतो. मात्र तो उचलून दुसरीकडे ठेवताच वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात. शिवाय फाइल लहान राहावी म्हणून त्या पानांवर वापरलेल्या आकृत्याच तीत भरल्या जातात. दुरुस्ती करताना ‘ज्ञ’ हवा असेल आणि तो मूळ मजकुरात कोठेच आला नसेल, तर संपादक आज्ञावली तो दुसऱ्या टंकातून आणते किंवा त्या जागी रिकामा चौकोन उमटवते.

कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व टंकांत तयार झालेल्या जुन्या फाइलींची अवस्था याहून बिकट आहे. त्यांत ‘घरपट्टी’ हा शब्द रोमन चिन्हांच्या रूपाने साठवलेला असतो. तो शोधून सापडत नाही आणि बदलता तर मुळीच येत नाही.

यावर उपाय साधा आहे. मराठी मजकुरातील चूक पीडीएफमध्ये दुरुस्त न करता मूळ दस्तऐवजात दुरुस्त करावी आणि नवी पीडीएफ तयार करावी. त्यासाठी मूळ फाइल जपून ठेवण्याची शिस्त हवी. ‘मूळ प्रत टंकलेखकाकडे होती, त्याची बदली झाली’ ही सबब अनेक कार्यालयांत ऐकू येते. लिबरऑफिस या विनामूल्य आज्ञावलीत याची एक चांगली सोय आहे. पीडीएफ तयार करतानाच मूळ दस्तऐवज तिच्या पोटात ठेवता येतो. तिला हायब्रिड पीडीएफ म्हणतात. अशी फाइल इतरांना साध्या पीडीएफप्रमाणे दिसते आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की पूर्णपणे संपादनक्षम होते. मात्र ही प्रत दप्तरी ठेवण्यासाठी वापरावी. बाहेर पाठवली, तर मूळ मसुदाही तिच्याबरोबर बाहेर जातो.

मजकूर बदलण्याचे काम असे बाजूला काढले, की उरलेली कामे सोपी आहेत. पाने जोडणे, वेगळी करणे, आडवी आलेली पाने सरळ करणे यांसाठी पीडीएफसॅम बेसिक किंवा पीडीएफ अरेंजर पुरेसे आहे. नमुने भरणे व समासात शेरे लिहिणे ॲडोबीच्या विनामूल्य रीडरमध्ये किंवा ओक्युलरमध्ये होते. स्कॅन केलेली पाने म्हणजे निव्वळ छायाचित्रे असतात. त्यांतील अक्षरे ओळखण्यासाठी मराठी जाणणारी टेसेरॅक्ट ही विनामूल्य आज्ञावली आहे. परंतु तिने ओळखलेली नावे व रकमा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत.

झाकणे आणि काढून टाकणे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार, अभिलेखातील देण्याजोगा भाग वेगळा करता येत असेल तर उघड करण्यास प्रतिबंध असलेला भाग वगळून तेवढा भाग द्यावयाचा असतो. लाभार्थ्यांची यादी देताना आधार क्रमांक व बँक खात्याचे क्रमांक वगळण्याचा प्रसंग अशा वेळी येतो. येथे पुष्कळांकडून एक घातक गोष्ट होते. त्या ओळींवर काळा चौकोन काढला जातो आणि काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात तो चौकोन केवळ वरून ठेवलेला असतो. खालचा मजकूर जसाच्या तसा असतो आणि शाळकरी मुलालाही तो उचलून वाचता येतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रात नेमके हेच घडले. काळ्या पट्ट्यांखालील मजकूर पत्रकारांनी सहज बाहेर काढला. तेथे मोठी वकीलमंडळी होती. आपल्याकडे उघडे पडेल ते एखाद्या विधवा निवृत्तिवेतनधारक बाईचे खाते.

मजकूर खरोखर काढून टाकण्याची सोय ॲक्रोबॅटच्या प्रो आवृत्तीत आहे. स्टँडर्ड आवृत्तीत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. लिबरऑफिसमध्ये ती २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून विनामूल्य मिळते. ती पानांचे चित्रात रूपांतर करते, त्यामुळे पट्टीखाली काही उरत नाही. ज्या कार्यालयाकडे यांपैकी काहीच नसेल, त्याने कागदावर मजकूर खोडावा, त्याची छायाप्रत काढावी आणि ती छायाप्रत स्कॅन करावी. ही रीत जुनी असली तरी भरवशाची आहे.

याच कारणास्तव फाइल जोडून किंवा लहान करून देणारी विनामूल्य संकेतस्थळे नागरिकांच्या कागदांसाठी वापरू नयेत. तेथे फाइल प्रथम बहुधा परक्या संगणकावर जाते आणि मग परत येते. दोन मिनिटांच्या सोयीसाठी गावातील लोकांची आधारपत्रे कोणत्या देशातील यंत्रावर ठेवली गेली, हे कार्यालयाला सांगता येत नाही. आपल्याच संगणकावर चालणारी आज्ञावली तेच काम विनाखर्च करते.

स्वाक्षरी असलेली फाइल

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आहे. पानावर दिसणारी स्वाक्षरीची चौकट म्हणजे ती स्वाक्षरी नव्हे. स्वाक्षरी फाइलच्या अंतर्भागात असते आणि मजकुरातील एक अंक बदलला तरी पडताळणीत तो बदल उघड होतो. अशी फाइल इतर पानांना जोडली किंवा ‘प्रिंट’ करून तिची पुन्हा पीडीएफ केली, की चौकट दिसते परंतु स्वाक्षरी नाहीशी किंवा निरुपयोगी होते. म्हणून स्वाक्षरित आदेश प्रस्तावात एकत्र शिवू नयेत. ते स्वतंत्र ठेवून प्रस्तावास परिशिष्टांची सूची जोडावी.

खरेदीपूर्वी

इतके पाहूनही सशुल्क आज्ञावलीची गरज वाटली, तर विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. ते बहुधा इंग्रजी पानावर केलेले असते. परीक्षणाची मुदत मागून घ्यावी आणि आपलेच तीन कागद तीत उघडावेत: कार्यालयात तयार झालेले एक मराठी पत्र, एक स्कॅन केलेले इतिवृत्त आणि एक डिजिटल स्वाक्षरी असलेला आदेश. पत्रातील एक जोडाक्षर बदलून पाहावे, इतिवृत्तात एक आडनाव शोधून पाहावे, आदेशावरील स्वाक्षरी तपासून पाहावी. परवाना किती संगणकांसाठी आहे आणि वार्षिक वर्गणी न भरल्यास कोणत्या सोयी बंद पडतात, हे लेखी घ्यावे. खर्चाचा हिशेब एका वर्षाचा न मांडता पाच वर्षांचा मांडावा. मासिक सभेपुढे ठेवावयाच्या मागणीत नुसते ‘पीडीएफ संपादक’ असे न लिहिता काम कोणते आणि महिन्यातून ते किती वेळा येते, हे लिहावे.