सूत्र नको, माणसं मोजा!

‘बेसिक’ भाषेच्या दोन जनकांपैकी एक जॉन केमेनी. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९५७ साली ‘फायनाइट मॅथेमॅटिक्स’चं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत बिझनेस आणि समाजशास्त्राची मुलं हा विषय शिकतात. त्यातलं बेझचं गणित सूत्राने अडलं, तर सरळ माणसं मोजा.

समजा, १००० जणांत १० रुग्ण आहेत. चाचणी त्यातले ९ पकडते. पण ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे रुग्ण ९. म्हणजे बारा जणांत एकच! आणि आपण ‘९० टक्के अचूक’ ऐकून घाबरतो.

आता १००० जणांत १०० रुग्ण धरून हेच गणित करा. पॉझिटिव्हपैकी निम्मे खरे रुग्ण निघतील. चाचणी मात्र तीच! म्हणून रिपोर्ट वाचण्याआधी विचारा, मुळात रुग्ण किती?