कुलचिन्हांचा सरकारी वकील

स्कॉटलंडमध्ये ढालीवर सिंह काढायचा की हरिण, तो कोणत्या रंगात काढायचा आणि मुळात ते चिन्ह वापरण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांचा निवाडा करणारे एक स्वतंत्र न्यायालय एडिनबरो येथे आहे. ‘लॉर्ड लायन’ हा त्याचा न्यायाधीश असून तोच राजाचा प्रमुख हेरल्डही आहे. भालदार-चोपदारांची ललकारी आणि भाटांची वंशावळ ही दोन्ही कामे मध्ययुगीन युरोपात ज्या दरबारी अधिकाऱ्याकडे असत, त्याला हेरल्ड म्हणत, आणि चिलखतात झाकलेला योद्धा ओळखू यावा म्हणून ढालीवर रंगवल्या जाणाऱ्या चिन्हांचे शास्त्र त्यावरूनच ‘हेरल्ड्री’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

या चिन्हासाठी मराठीत रूढ असलेला ‘कुलचिन्ह’ हा शब्द स्कॉटलंडपुरता थोडी दिशाभूलच करतो, कारण तेथील कायद्यानुसार चिन्ह कुळाचे नसून एका व्यक्तीचे असते. तिच्यामागे ते मुख्य वारसाकडे जसेच्या तसे जाते, तर धाकट्या भावंडांना ढालीभोवती रंगीत किनार काढण्यासारखा एखादा भेद करून आपापले चिन्ह नव्याने नोंदवून घ्यावे लागते. केवळ आडनाव जुळते म्हणून बाजारात मिळणारे ‘घराण्याचे चिन्ह’ पत्रावर छापणारा माणूस, निदान तत्त्वतः, दुसऱ्याची मालमत्ता वापरत असतो.

अशा वापरावर कारवाई करणारा वकील म्हणजे लायन न्यायालयाचा ‘प्रोक्युरेटर फिस्कल’. स्कॉटलंडमध्ये सरकारी अभियोक्त्याला हेच नाव आहे. त्याचा शब्दार्थ राजकोषाचा प्रतिनिधी असा होतो आणि तो येथे चपखल बसतो, कारण चिन्ह प्रदान करताना घेतले जाणारे शुल्क सरकारी तिजोरीत जमा होत असल्याने विनापरवाना चिन्ह वापरणे हे महसूल बुडवण्यासारखेच मानले जाते. १५९२ च्या कायद्याने अशा अपराधासाठी शंभर पौंड दंड आणि ज्या वस्तूवर चिन्ह कोरले असेल ती वस्तू जप्त करण्याची तरतूद केली, तर १६७२ च्या कायद्याने सर्व चिन्हांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली, आणि ती आजही चालू आहे. दंडाची रक्कम जुन्या स्कॉटिश पौंडांतली असल्यामुळे आज ती नगण्य ठरते. खरा धाक आहे तो चांदीचे ताट, अंगठी किंवा दुकानाची पाटी हातची जाण्याचा.

या पदासाठी वेगळी पदवी नाही. कायद्याची पदवी, व्यावसायिक पदविका आणि दोन वर्षांची उमेदवारी या वाटेने सॉलिसिटर झालेली व्यक्ती आपला व्यवसाय सांभाळून हे अर्धवेळ काम करते, आणि बहुतेक प्रकरणे एका पत्रावरच मिटत असल्याने खटला उभा राहण्याची वेळ क्वचितच येते. एअर युनायटेड या फुटबॉल क्लबला याच जुन्या कायद्यापायी अलीकडे आपले बोधचिन्ह बदलावे लागले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ॲबर्डीनशायरमधील गोल्फ प्रकल्पाच्या जाहिरातीत झळकलेले चिन्हही नोंदलेले नव्हते. २०१२ मध्ये त्यांना रीतसर नवे चिन्ह देण्यात आले.

भारतात २००५ च्या कायद्याने राष्ट्राच्या राजचिन्हाला संरक्षण दिले आहे, पण खासगी व्यक्तीच्या चिन्हासाठी सरकारी वकील उभा राहण्याची पद्धत इंग्लंडमध्येसुद्धा नाही. तेथील शौर्य न्यायालय, म्हणजे ‘कोर्ट ऑफ शिव्हलरी’, दोन शतकांहून अधिक काळ बंद होते. ते १९५४ मध्ये पुन्हा भरले, कारण मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाने रंगमंचाच्या पडद्यावरील झालरीवर आणि कंपनीच्या शिक्क्यात शहराचे चिन्ह वापरले होते, आणि दाद मागायला स्वतः नगरपालिकेलाच जावे लागले. निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला खरा. मात्र हे न्यायालय पुन्हा भरवायचे असेल तर आधी त्याला संसदेच्या कायद्याचा आधार द्यावा, असे मत न्यायमूर्ती लॉर्ड गॉडर्ड यांनी व्यक्त केले, आणि त्यानंतर ते न्यायालय भरलेले नाही.