होडीचें जुनें इंजिन : डागडुजी कीं बदल ?

गिरगांवांतील खोताच्या वाडींत राहणाऱ्या कुटुंबांस एक प्रश्न फार जुन्या ओळखीचा आहे. जिन्याची पायरी कुजली किंवा तुळई वाळवीनें पोखरली, कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एवढी तुळई बदलूं. दुसरा म्हणतो, आतां घरच नवें बांधूं. एके काळीं सुमारें ६५ घरांच्या या वाडींत आज तिसांहूनही कमी जुनीं घरें उरलीं आहेत. याच वाडीच्या स्वयंपाकघरांत येणारें पापलेट ज्या होडीनें धरलें, तिच्या नाखव्यापुढेंही दर कांहीं वर्षांनीं हाच प्रश्न उभा राहतो. त्याची तुळई म्हणजे होडीचें डिझेल इंजिन. आणि त्याचा निवाडा चुकला, तर त्याचें फळ भर समुद्रांत भोगावें लागतें.

शिडाच्या होडीस वाऱ्याची वाट पाहावी लागे, पण वारा फुकट मिळे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें, आणि पुढें त्याच तत्त्वावरील यंत्रांनीं कोंकणच्या किनाऱ्यावरील शिडाची जागा घेतली. ससून गोदींत किंवा भाऊच्या धक्क्यावर लागणाऱ्या कित्येक मोठ्या होड्यांत आज मालमोटारीच्या इंजिनाचेंच सागरी रूप असतें. तें बंद पडलें आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असला, तर होडी खडकांकडे लोटली जाते. म्हणून हा प्रश्न केवळ जमाखर्चाचा नाहीं. खलाशांच्या जिवाचाही आहे.

निवाड्याचा हंगाम ठरलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि इंजिनें उघडलीं जातात. परंतु खरी परीक्षा त्याआधीं, इंजिन चालू असतांनाच, करावयाची असते. त्या वेळीं धूर हा पहिला साक्षीदार होय. काळा धूर म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं. निळा म्हणजे वंगण सिलिंडरांत शिरून जळत आहे. आणि इंजिन चांगलें तापल्यावरही पांढरा धूर निघत राहिला, तर आंतील दाब कमी पडला आहे किंवा पाणी शिरत आहे.

काळा धूर दिसतांच इंजिनास म्हातारें ठरविण्याची घाई होते. पण नॉझल बिघडलें, हवेची जाळी तुंबली, किंवा होडीच्या बुडास शिंपले व शेवाळ चिकटून तिचा भार वाढला, तरी तोच धूर निघतो. बूड खरवडून रंगविलें आणि नॉझल दुरुस्त केलें, कीं पुष्कळ वेळां तेंच इंजिन पुन्हां जोमानें चालूं लागतें.

एवढें करूनही दोष राहिला, तर मात्र इंजिन उघडावें. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगें झिजलेलीं आढळलीं म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. झिजणें आणि बदललें जाणें हा त्यांचा धर्मच आहे. खरा निकाल क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक यांवर अवलंबून असतो. क्रँकशाफ्टचे जे गोल भाग बेअरिंगांत फिरतात, ते मायक्रोमीटरनें मोजावे. ते लंबगोल झाले असतील, तर घांसून पुन्हां गोल करतां येतात व त्या मापाचीं अधिक जाड बेअरिंगें बसवितां येतात. हें घांसणें साधारणतः पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं होतें आणि त्या पायऱ्या मोजक्याच असतात. ब्लॉकची गोष्ट याहून कठीण. जेथें समुद्राचें पाणी थेट ब्लॉकमधून खेळविलें जातें, तेथें खार त्याच्या भिंती आंतून खात असतो. त्यास तडा गेला असेल, किंवा सुटे भाग बाजारांत मिळत नसतील, तर डागडुजीचा हट्ट सोडावा हेंच शहाणपण.

नवें इंजिन घेतांना त्याच्या किंमतीवर हिशेब संपत नाहीं. जुन्या बैठकीवर तें बसेल कीं नाहीं, गिअर, शाफ्ट आणि पंखा त्याच्या गतीशीं जुळतील कीं नाहीं, हें पाहावें लागतें. नोंदणीच्या कागदांतही बदल करावे लागतात. त्यांतच अधिक मोठ्या इंजिनाचा मोह पडतो. पण पाणी कापीत जाणाऱ्या जड होडीस लागणारी शक्ति वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग सव्वापट करावयाचा, तर शक्ति जवळजवळ दुप्पट लागते, आणि इंधनही त्याच मानानें जळतें. वाढलेल्या अश्वशक्तीचा बराचसा भाग मासळी वाढविण्याऐवजीं लाटा उठविण्यांत खर्ची पडतो.

हिशेबाची सोपी रीत अशी. समजा, डागडुजीस एक लाख लागून इंजिन तीन हंगाम चालणार, आणि नव्यास चार लाख लागून तें बारा हंगाम चालणार. दर हंगामाचा खर्च सारखाच झाला. मग वाचणारें इंधन आणि बंद पडून बुडणारे दिवस यांवरून निवड करावी. त्यांत बहुधा नवें इंजिन सरस ठरेल. परंतु होडीच्या फळ्याच आणखी पांच हंगाम टिकणार असतील, तर बारा हंगामांचें इंजिन तिच्यांत बसविणें म्हणजे पडक्या घरास सागवानी दरवाजा लावणें होय. इंजिनाचें आयुष्य होडीच्या उरलेल्या आयुष्याशीं ताडून पाहावें, ही गोष्ट हिशेबांत सर्वांत अधिक वेळां विसरली जाते.

निर्णय कोणताही होवो, इंजिन बसविल्यावर पहिले कांहीं तास त्यावर बेताचाच भार घालावा, आणि मग किनाऱ्याच्या नजरेंत राहून पूर्ण भारानें त्याची चांचणी घ्यावी. त्या दिवसापासून एका वहींत इंधन, वंगण आणि चाललेले तास यांची नोंद ठेवावी. तसें केलें म्हणजे नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून निघालेल्या नाखव्यास इंजिनाच्या प्रकृतीविषयीं अंदाज बांधीत बसावें लागत नाहीं. आणि पुढें केव्हां हा प्रश्न पुन्हां उभा राहिला, तर त्याचें अर्धें उत्तर त्या वहींत लिहिलेलें सांपडतें.