तीनशे, शंभर, पन्नास आणि फुली

पोराची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली आहे. घर लहान, माणसं भरपूर, आणि प्रत्येकाला नेमकं आत्ताच काहीतरी करायचं असतं. पोरगं पुस्तक उघडतं, कुणीतरी येतं. पुन्हा उघडतं, पुन्हा कुणीतरी. शेवटी ते वैतागून हाक मारतं आणि काळे लांब कोट घातलेले, कपाळाला पट्टी बांधलेले तीन गडी हजर होतात. ते शिकवणी घेत नाहीत, घरच्यांना दमही देत नाहीत. ते नाचतात. ठेका सांभाळला गेला तर पोराचा अभ्यास होतो, चुकला तर वर्ष गेलं.

ताडवाडीच्या बीआयटी चाळीत किंवा घोडपदेवच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत ही गोष्ट सांगितली तर पूर्वार्धाचं कुणाला नवल वाटणार नाही. गोष्ट मात्र जपानी आहे. 'ओसु! ताताकाए! ओएन्दान' हा खेळ निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २८ जुलै २००५ रोजी जपानात विक्रीला आला, त्याचा हा पहिला टप्पा. खेळ 'इनिस' कंपनीचा, दिग्दर्शक केइची यानो. मुंबई त्या दिवशी २६ जुलैच्या पाण्यातून जेमतेम डोकं वर काढत होती, त्यामुळे जपानात कुठला खेळ आला याची इथं कुणाला फिकीर असण्याचं कारण नव्हतं.

डीएस २००४च्या अखेरीस आला आणि पुढे जगभर १५ कोटींहून जास्त खपला. पुस्तकासारखा उघडायचा, आत दोन पडदे, त्यातला खालचा स्पर्शाचा. हा स्पर्श आजच्या मोबाइलचा नव्हे. मोबाइलची काच बोट टेकल्यामुळे तिच्या विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखते. डीएसच्या पडद्यात मात्र दोन पातळ पारदर्शक थर होते; वरचा दाबून खालच्याला टेकला की यंत्राला जागा कळे. नख चाले, काडी चाले, पेनाचं टोपणही चाललं असतं. मर्यादा एकच, पण ठेक्याच्या खेळाला ती मोठी: एका वेळी एकच जागा ओळखायची. डग्गा आणि तबला एकदम वाजवायची सोय नाही. 'ताइको नो तात्सुजिन' या ढोलाच्या खेळाची डीएस आवृत्ती २००७ साली आली, तेव्हा नामको बान्दाइ कंपनीने सोबत टिपरूच्या आकाराच्या दोन छोट्या काड्या दिल्या. मधोमध मारलं तर 'दोन', कडेला मारलं तर 'का'. थाप आणि चाट यांतला फरक घरात शेजाऱ्याला न उठवता शिकवायची ही युक्ती मला फार आवडते.

'ओएन्दान' म्हणजे जपानी शाळा-कॉलेजांतलं प्रोत्साहनाचं पथक. बेसबॉलचा सामना असो की परीक्षा, ही मुलं कडक पोशाखात, मोठ्या ढोलाच्या तालावर, घसा फुटेस्तोवर ओरडून आपल्या बाजूला बळ देतात. स्वतः खेळत नाहीत, खेळणाऱ्याच्या पाठीशी उभी राहतात. खेळात त्यांना सगळ्यांसाठी धावावं लागतं. रामेनचं दुकान बसत चाललेला मालक, गाडीत पोट बिघडलेला व्हायोलिनवादक, राक्षसाशी झुंजणारा नोकरदार, आणि शेवटी पृथ्वीवर येणारी उल्का. मधेच एक टप्पा मेलेल्या तरुणाचा आहे. त्याला प्रेयसीशी शेवटचं बोलायचं राहून गेलेलं असतं. तिथे पथकाचा आरडाओरडा बंद होतो.

खेळायचं असं. गाणं सुरू होतं आणि खालच्या पडद्यावर आकडे घातलेली वर्तुळं उमटतात: १, २, ३. प्रत्येकाभोवती एक मोठं कडं असतं, ते आक्रसत येतं. कडं वर्तुळाला चिकटेल त्या क्षणी काडी टेकवायची. कधी चेंडूमागे रेघ ओढत जायचं, कधी चक्र गरागरा फिरवायचं. टोला नेमका बसला तर ३००, जरा मागेपुढे झाला तर १००, आणखी ढळला तर ५०. हुकला तर फुली. पथकाचा जीव एका पट्टीत दिसतो आणि तो आपसूकच गळत राहतो, म्हणजे नुसतं न चुकणं पुरत नाही, भरत राहावं लागतं. गंमत अशी की गोष्ट वरच्या पडद्यावर चालते आणि खेळणाऱ्याचे डोळे खाली खिळलेले असतात. पोरगं पास झालं की नाही हे नीट पाहतो तो मागून डोकावणारा. आमच्याकडच्या कॉमन गॅलरीत अशा प्रेक्षकांचा तुटवडा कधीच पडला नसता.

डीएस यंत्रं इथे आली ती बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या काउंटरवरून. डीएसच्या खेळांना देशाचं कुलूप नव्हतं, जपानी खेळ कुठेही चाले. अमेरिकेत लोकांनी हा खेळ इतका मागवला की 'इनिस'ने नोव्हेंबर २००६मध्ये 'एलिट बीट एजंट्स' ही त्यांची आवृत्ती काढली, १९ गाण्यांची. अमेरिकेत असं पथक नसतं, म्हणून शाळेच्या पोरांचे काळ्या सुटातले सरकारी हेर झाले. मराठी आवृत्ती निघाली असती तर पोशाख शोधावा लागला नसता. मंडळाचे टी-शर्ट पुरले असते. मूळ आणि अमेरिकन दोन्ही आवृत्त्यांत गाजलेली गाणी होती, पण मूळ गायकांच्या आवाजात नव्हे. दुसऱ्यांकडून गाऊन घेतलेली. नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत तरी मूळ गायक कुठे असतो?

घोडपदेव भायखळ्याच्या पूर्वेला, रे रोड आणि कॉटन ग्रीन या हार्बरच्या स्टेशनांजवळ. गिरणी, गोदी आणि वखारी यांच्या मधली ही कामगारवस्ती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने इथली घरं मोडली आणि न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांच्या घरांचे म्हाडाचे टॉवर उभे आहेत. गिरणीचा भोंगा गेला. बेंजो राहिला.

हा बेंजो अमेरिकेतला, चामडं ताणलेला वाटोळा नव्हे. लांबट पेटी, तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्याने तार छेडायची. नागोयाच्या मोरिता गोरो याने १९१२ साली, ताइशो राजवटीच्या पहिल्या वर्षी, हे वाद्य बनवलं: ताइशोगोतो. त्याच्या कळांवर आकडे लिहिलेले असत, म्हणजे ज्याला संगीताची लिपी येत नाही त्यानेही आकडे पाहून गाणं वाजवावं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि मुंबईच्या गल्ल्यांत पिकअप लावून, भोंग्यांना जोडून बेंजो झालं. त्याच्या बाजूला ऑक्टोपॅड: जपानच्याच रोलँड कंपनीचा, १९८५चा, आठ चौकोनांवर काठीने मारायचा. आणि कॅसिओ. बेंजो पार्टीच्या ट्रकवरच्या सामानात ताशा आणि ढोलकी सोडली तर निम्मा माल जपानी. आकडा घातलेल्या जागेवर वेळेत बोट ठेवायची कला डीएसच्या कितीतरी आधी जपानहून घोडपदेवला पोचली होती, आणि इथल्या पोरांनी ती पडद्याविना, हजार माणसांसमोर खेळून दाखवली.

तरीही दोन्हीकडचा हिशेब एक नाही, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

२००७मध्ये डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तरुणाने 'ओएन्दान'वरून 'ओसु!' हा संगणकावरचा फुकट खेळ केला. त्यातली गाणी खेळणारेच बांधतात. यातला हिशेब उघड असल्यामुळे कळतो: काटेकोरपणाच्या शून्य ते दहा अशा पायऱ्या आहेत, आणि मधल्या पाचव्या पायरीवर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ५० मिलिसेकंदांत टोला बसला तर ३००, १००च्या आत १००, १५०च्या आत ५०. त्यापुढे फुली. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. माणसाचं बोट इतकं नेमकं असतं का? असतं, पण वेगळ्या रीतीने. ठक्‌ ठक्‌ वाजणाऱ्या यंत्राबरोबर बोट आपटायला सांगितलं तर माणसं बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात. म्हणजे आपण ठोका ऐकून मारत नाही, तो येणार हे धरून मारतो.

आता हे मोजमाप घेऊन विसर्जनाच्या मिरवणुकीत उतरू. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ताशा पुढे आहे. त्याच्यापासून १५ मीटरवरच्या ढोलापर्यंत कडकडाट पोचायला सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात. ऐकून मारणाऱ्या त्या ढोलाला खेळाने ३०० दिले असते, जेमतेम. ३० मीटरवर ८७ मिलिसेकंद: १००. आणि भायखळ्याच्या रस्त्यावर ६० मीटर मागे नाचणारा पोरगा १७४ मिलिसेकंद उशिरा ऐकतो. त्याला फुली. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर हा उशीर एका ठोक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा होतो. घड्याळाच्या हिशेबात अख्खी मिरवणूक बेताल आहे.

पण तो पोरगा चुकलेला नाही. त्याच्या कानावर ठोका पडतो तेव्हाच त्याचा पाय पडतो; त्याच्या जागी तो बरोबर, आणि ताशेवाला त्याच्या जागी. पथकात यावरचा उपाय जुना आहे. ताशाकडे नुसतं ऐकायचं नाही, बघायचं. हात वर गेला, बदल आला. उजेडाला त्या अंतरात वेळ लागत नाही. मोबाइलवर ठेक्याचे खेळ खेळणाऱ्यांना ही भानगड दुसऱ्या रूपात ठाऊक असते: ब्लूटूथचा हेडफोन लावला की आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, म्हणून सुरुवातीलाच टिचक्या मारून उशीर मोजून घ्यावा लागतो. यंत्र तो आकडा वजा करतं. गल्लीत वजाबाकी डोळे करतात.

फुलीचंही असंच. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी (१८६०–१९३६) हिंदुस्थानी संगीतासाठी जी स्वरलिपी रूढ केली तिच्यात फुली म्हणजे सम: जिथे सगळे येऊन भेटतात ती मात्रा. तीनतालाच्या सोळांत पहिलीखाली फुली, नववीखाली शून्य, म्हणजे खाली. जपानी खेळात फुली हुकल्याची. योगायोग आहे, त्यातून तत्त्वज्ञान काढायला मी बसलेलो नाही. पण तालाच्या शिक्षणात जी मात्रा चुकली तर सगळ्यांत जास्त खटकते तिथेच खूण असते. खेळात प्रत्येक मात्रेचं मोल सारखं. सम आणि खाली दोन्हीला ३००. ज्याने दोन वर्षं तबल्याची शिकवणी केली आहे त्याला हा समभाव पचत नाही.

निन्टेन्डोच्याच 'रिदम तेन्गोकु' या मालिकेने (पहिला खेळ २००६, डीएसवरचा २००८) वाट बदलली होती. संगीतकार त्सुन्कुच्या कल्पनेतून आलेल्या या खेळात आक्रसणारं कडं नाही. कान हाच आधार. डोळे मिटूनही बराचसा खेळता येतो. मला हा 'ओएन्दान'पेक्षा प्रामाणिक वाटतो, पण गोष्टीचा धुडगूस त्यात कमी. आणि सोनीच्या पीएसपीवर २००७ अखेर आलेला 'पातापोन' आपल्या सगळ्यांत जवळचा. त्यात स्पर्श नाही, बटणं आहेत. चार ठोके तुम्ही द्यायचे, पुढचे चार तुमची फौज गाऊन परतवणार आणि चालणार. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी उचलावी तसं. शाहीर अडखळला तर फौज जागीच ठप्प.

घोडपदेवचा खेळ कुणी केलाच (पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवरच आला, तेव्हा अशक्य काही नाही) तर त्याला मूळ खेळातलं एक कलम बदलावं लागेल. 'ओएन्दान'मध्ये गाणं आधीच ध्वनिमुद्रित. लय त्याची, धावायचं आपण. बेंजोत उलट. वादक पोरांच्या पायांकडे बघत असतो. पाय सुस्तावले की ढोलकी चढते, वळण आलं की गाणं लांबतं, मूर्ती तारेखालून काढायची असली की तेच कडवं चार वेळा फिरतं. तेव्हा खेळणाऱ्याने लय पाळायची नाही, गर्दीला किती लय झेपते ते ओळखून वाढवायची. फार लवकर चढवली तर पुढचे दमतात, उशीर केला तर मागचे पांगतात. ३००, १००, ५० हे आकडे ठेवायला हरकत नाही, फक्त ते कोण कुठे उभा आहे ते पाहून द्यावेत. आणि शेवटचा टप्पा उल्केचा नको. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर, रात्री १०नंतर भोंगे बंद. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असावं, कोपऱ्यावर हवालदार असावा, आणि बाप्पा अजून नाक्याच्या अलीकडेच असावा.