मण्यार कोणती, कवड्या कोणता?
पुण्याच्या आसपासच्या मळ्यांत मण्यार समजून बिचारा कवड्या साप मारला जातो. मण्यार अतिविषारी, कवड्या निर्विष. पण घाबरलेल्या मनुष्यास दोहोंच्या अंगावरचे पांढरे पट्टे सारखेच भासतात. खूण अशी कीं, मण्यार काळीनिळी व तकतकीत असून तिचे पट्टे मानेपासून कांहीं अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपाशींच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात.

घोणस व डुरक्या घोणस यांतही असाच घोटाळा होतो. घोणशीच्या पाठीवर लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. निर्विष डुरक्याचे डाग वेडेवांकडे व शेपूट आंखूड. हा डुरक्या उंदीर खातो. त्यास मारणें म्हणजे आपलें धान्य उंदरांच्या स्वाधीन करणें होय.

तथापि ही ओळख दुरून करावयाची. कात्रजच्या सर्पोद्यानांत मुलांसह जाऊन ती पक्की करावी. मण्यारीच्या दंशास वेदना व सूज फारशी नसते. म्हणून रात्रीं दंश झाल्यास 'कवड्याच असेल' असें म्हणून पहांटेची वाट पाहूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें, असें आमचें शेतकरी बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.