बत्तीस किलोबाइटांतील विश्व

संगणकावर खेळावयाच्या खेळालाही पुस्तकाप्रमाणे एक लेखक असतो, ही गोष्ट आज सहजासहजी पटत नाही. आजचा मोठा खेळ शेकडो माणसांच्या हातून तयार होतो आणि त्यांची नावे चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या नामावलीप्रमाणे डोळ्यांसमोरून निघून जातात. परंतु १९८२ ते १९८६ या चार-पाच वर्षांत, मुख्यतः ब्रिटनमध्ये, परिस्थिती अगदी निराळी होती. खेळाची कॅसेट पुस्तकासारखी दुकानात मांडलेली असे, तिच्या वेष्टनावर पुष्कळदा कर्त्याचे नाव असे आणि एखाद्या आवडत्या कर्त्याचा नवा खेळ केव्हा येतो याची मुले वाट पाहत. कर्ते तरी कोण? पुष्कळसे शाळा-कॉलेजच्या वयाचे तरुण, एखादा शिक्षक, कोठे दोघे भाऊ. त्यांतील काहींची नावे चाळीस वर्षांनंतरही आदराने घेतली जातात. हा आदर केवळ बालपणीच्या आठवणींतून आलेला नाही. त्यामागे एक कारण आहे आणि ते त्या काळच्या यंत्रांच्या लहानपणात दडलेले आहे.

या यंत्रांना गृहसंगणक म्हणत. घरातल्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून आज्ञावली भरून घ्यावयाची, असा त्यांचा खाक्या होता. ब्रिटनमध्ये दोन यंत्रे विशेष गाजली. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा 'स्पेक्ट्रम' एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांना (मोठ्या स्मृतीचा १७५ पौंडांना) बाजारात आला. तो मध्यमवर्गीय घरांचा संगणक. केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' त्याआधी काही महिने निघाला होता. तो महाग, पण भक्कम. ब्रिटिश शाळांनी तो मोठ्या प्रमाणावर घेतला. भारतातही १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी हाच बीबीसी मायक्रो निवडण्यात आला होता. त्यामुळे आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांनी संगणक म्हणून प्रथम पाहिले ते हेच यंत्र होय.

बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ अक्षरे मावतील एवढी. टंकलेखित इंग्रजी पानावर सुमारे दोन हजार अक्षरे बसतात असे धरले, तर ही जागा सोळा पानांची झाली. या सोळा पानांतच खेळाचे सर्व नियम लिहावयाचे, त्यातच पडद्यावरील चित्राचा प्रत्येक ठिपका साठवावयाचा आणि खेळाडूने काय मिळविले, काय गमावले याचा हिशेबही तेथेच ठेवावयाचा. इतक्या अडचणीच्या जागेत दहा माणसांना एकत्र काम करताच आले नसते. एका माणसाला, फार तर दोघांना, यंत्राचा कोपरान् कोपरा पाठ असेल तरच काही साधण्यासारखे होते. ज्याच्या डोक्यात संपूर्ण कृती मावते तोच तिचा लेखक होऊ शकतो, आणि या यंत्रांवरील कृती एका डोक्यात मावण्याएवढ्याच होत्या.

केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. इयान बेल गणिताचा विद्यार्थी, तर डेव्हिड ब्रेबेन निसर्गविज्ञानाचा. सप्टेंबर १९८४ मध्ये त्यांचा 'एलिट' हा खेळ ॲकॉर्नच्याच 'ॲकॉर्नसॉफ्ट' या प्रकाशनशाखेने प्रसिद्ध केला, तेव्हा दोघांची वये वीस-एकवीस होती. खेळाडू हा या खेळात एका लहान अंतराळयानाचा मालक असतो. गाठीला शंभर मुद्रा आणि मुक्काम 'लावे' नावाच्या ग्रहाजवळ. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त घ्यावे, उद्योगप्रधान ग्रहावर ते विकावे, तेथून यंत्रसामग्री आणावी, वाटेत चाच्यांशी झुंजावे, नफ्यातून यान सुधारावे. वाटल्यास अमली पदार्थांचा किंवा गुलामांचा व्यापारही करता येतो, मात्र मग पोलीस पाठीस लागतात. काय करावे हे खेळ सांगत नाही. शेवटही ठरलेला नाही.

आज हे वर्णन साधे वाटेल. त्या काळी ते इतके अपरिचित होते की, एका मोठ्या प्रकाशन संस्थेने हा खेळ नाकारला. खेळाडूला तीन 'जीव' असावेत, गुण मोजले जावेत आणि एक डाव दहा मिनिटांत संपावा, अशी तिची अपेक्षा होती. ती अगदीच अनाकलनीय नव्हती. तोपर्यंतचे बहुतेक खेळ हे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे वंशज होते आणि तेथे गिऱ्हाईक लवकर हरले नाही तर धंदा बसतो. घरात नाणे टाकावे लागत नाही, मग दहा मिनिटांचे बंधन कशाला, एवढा साधा विचार या दोन विद्यार्थ्यांनी केला.

पण खेळ दीर्घकाळ चालावयाचा तर जग विस्तीर्ण हवे, आणि जागा तर सोळा पानांची. एलिटमध्ये आठ दीर्घिका आहेत आणि प्रत्येक दीर्घिकेत २५६ ग्रहमंडले, म्हणजे एकूण २,०४८. प्रत्येकाचे नाव, स्थान, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या ही माहिती शंभर-शंभर बाइटांत जरी लिहिली, तरी दोन लाखांहून अधिक बाइट लागले असते. यंत्राच्या संपूर्ण स्मृतीच्या सहापट. बेल आणि ब्रेबेन यांनी ही माहिती साठविलीच नाही. पंचांगकर्ता पुढील शंभर वर्षांच्या तिथी पाठ करून ठेवीत नाही. त्याच्यापाशी काही मूळ अंक आणि गणिताची रीत असते, हवी ती तिथी तो काढून देतो. येथेही नेमके तेच केले आहे. आरंभी तीन संख्या घेतल्या. तिघींची बेरीज करून चौथी काढली. पहिली सोडून दिली आणि हेच पुन्हा पुन्हा करीत गेले. (मागील संख्यांच्या बेरजेतून पुढची संख्या काढण्याची ही रीत भारतीय वाचकाला परकी नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदःशास्त्रात मात्रांची गणना करताना तिचेच एक साधे रूप वापरले होते.) बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेली की वरचा हातचा टाकून द्यावयाचा, त्यामुळे संख्या वाढत न जाता उड्या मारीत राहतात आणि त्यांच्यात कसलाच क्रम दिसत नाही. तरीही आरंभ तोच असेल तर सर्व संख्या दरवेळी अगदी त्याच येतात. अशा संख्यांच्या अंकांतूनच ग्रहाची राज्यपद्धती ठरते, संपत्ती ठरते, आकाशातील स्थान ठरते. नावेही तशीच. सुमारे तीस अक्षरजोड्यांची एक यादी आहे. संख्या सांगेल त्या जोड्या एकापुढे एक ठेवावयाच्या. 'ला' आणि 'वे' मिळून लावे, 'डि' आणि 'सो' मिळून डिसो, 'झा', 'ऑन', 'से' मिळून झाऑन्से. ज्या ग्रहावर खेळाडू पोहोचतो तो त्या क्षणी गणिताने निर्माण होतो आणि पाठ फिरताच नाहीसा होतो. परत आल्यावर मात्र तो जसाच्या तसा तेथे असतो.

दीर्घिका आठच का, याचे उत्तरही गमतीचे आहे. पुढील दीर्घिकेत जाताना मूळ संख्यांचा प्रत्येक बाइट एकेक घर फिरविला जातो. बाइटात आठ घरे असतात, म्हणून आठव्या वेळी चक्र पूर्ण होऊन खेळाडू पहिल्या दीर्घिकेत परततो. दोघा कर्त्यांची मूळ इच्छा तर सुमारे २८१ लाख कोटी दीर्घिका देण्याची होती; गणिताच्या दृष्टीने त्याला एक पैसाही जास्त पडणार नव्हता. प्रकाशकांनी त्यांना आवरले, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागेल. एवढ्या प्रचंड संख्येमुळे सगळे जग यंत्राने पाडलेले आहे हे उघडे पडले असते. दोन हजार ग्रहांवर मात्र माणसाचा विश्वास बसतो.

चित्रांच्या बाबतीतही अशीच काटकसर करावी लागली. यानांच्या आकृती केवळ रेषांच्या असल्या तरी त्या खोलीसह, सर्व बाजूंनी वळताना दिसतात आणि मागील बाजूच्या रेषा लपविल्या जातात. हे गणित ज्या सूक्ष्मप्रक्रियकावर करावयाचे त्याला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. प्रत्येक गुणाकार बेरजा करून साधावा लागे. पडद्याचा वरचा भाग बारीक ठिपक्यांचा पण एकरंगी आणि खालचा फलक जाड ठिपक्यांचा पण चौरंगी, अशी विभागणी हे यंत्र मुळात देत नव्हते. किरण पडदा रंगवीत अर्ध्यावर आला की नेमक्या क्षणी यंत्राची चित्रपद्धत बदलावयाची, हे सेकंदाला पन्नास वेळा, अशी युक्ती योजून ती साधली आहे.

विज्ञानाचे शिक्षण न घेतलेल्यांनाही हीच वाट सापडावी, हे अधिक विचार करण्याजोगे आहे. माइक सिंगल्टन हे इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांचा 'लॉर्ड्स ऑफ मिडनाइट' १९८४ मध्येच स्पेक्ट्रमवर आला. बर्फाच्छादित देश, उत्तरेकडून चालून येणारा डूमडार्क, त्याच्याविरुद्ध सरदारांना एकत्र आणणारा लक्सर आणि एकट्याने शत्रूच्या शक्तीचे मूळ असलेला हिममुकुट नष्ट करावयास निघालेला त्याचा मुलगा मॉर्किन, असे त्याचे कथानक. खेळाडू सैन्य जमवून जिंकू शकतो किंवा मॉर्किनच्या वाटेने जाऊ शकतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवावे, हे शहाणपण बहुतेकांना एकदोनदा हरल्यावर येते. या देशात सुमारे चार हजार ठिकाणे आहेत आणि प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशांना पाहता येते, म्हणजे बत्तीस हजार देखावे झाले. एकही देखावा चित्र म्हणून साठविलेला नाही. स्मृतीत आहे तो केवळ नकाशा: येथे डोंगर, तेथे अरण्य, पलीकडे गढी. पाहणारा कोठे उभा आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे यावरून यंत्र देखावा रचते. दूरचा डोंगर लहान, जवळचा मोठा. दूर क्षितिजावर बुरूज दिसतो, दिवसभर चालून खेळाडू तेथे पोहोचतो आणि तो बुरूज खरोखरच तेथे असतो. एलिटमध्ये विस्ताराचे जे सुख आहे ते येथे प्रवासाचे सुख होते. सिंगल्टन यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

लिव्हरपूलजवळच्या मॅथ्यू स्मिथची प्रकृती वेगळी. त्याने विशाल जगे रचली नाहीत; विनोदी आणि काहीशी विक्षिप्त अशी छोटी दालने रचली. १९८३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने 'मॅनिक मायनर' लिहिला. वीस गुहा, किल्ल्या गोळा करणारा एक खाणकामगार, संपत जाणारा प्राणवायू आणि मागे सतत वाजणारी ग्रीगची धून. स्पेक्ट्रमला स्वतंत्र ध्वनियंत्रणा नव्हती. ध्वनी काढावयाचा तर हातातले काम थांबवून मुख्य प्रक्रियकालाच तो काढावा लागे. खेळ आणि संगीत दोन्ही चालू ठेवणे म्हणजे चुलीवर पोळी असताना दाराशी गप्पा मारण्यासारखे होते, आणि स्मिथने पोळी करपू दिली नाही. पुढच्याच वर्षीच्या 'जेट सेट विली'त मात्र ती करपली. साठ दालनांच्या त्या वाड्यातील माळ्यावर खेळाडू गेला की एक बाण भरकटून चित्रस्मृतीच्या सीमेपलीकडे जाई आणि इतर दालनांच्या माहितीवरच उमटे. ती दालने मग पार करता येत नसत. हे मुद्दामच केले आहे, अशी मखलाशी प्रकाशकांनी आरंभी केली. खेळ प्रथम पूर्ण करणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते. ते मिळविणाऱ्या दोघांनी बिघाड शोधून दुरुस्तीही सुचविली. वाचकाने ग्रंथातील पाठभेद दुरुस्त करून प्रकाशकाला कळवावा, असाच हा प्रकार होय.

टिम आणि क्रिस स्टँपर या बंधूंचा उल्लेख केल्याविना ही नामावली पुरी होत नाही. त्यांच्या 'नाइट लोर'ने (१९८४) तिरप्या कोनातून दिसणाऱ्या, खोली असलेल्या दालनांचा एक संप्रदायच सुरू केला. स्पेक्ट्रमवर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसत, त्यामुळे हलणारी आकृती आपला रंग शेजारच्या वस्तूला फासत जाई. स्टँपर बंधूंनी प्रत्येक दालन एकाच रंगात रंगविले आणि तो प्रश्नच निकालात काढला.

१९८५ नंतर आलेल्या संगणकांची स्मृती दसपट-वीसपट वाढली. आता चित्रे साठविता येऊ लागली, म्हणून चित्रकार आले. संगीत साठविता येऊ लागले, म्हणून संगीतकार आले. या सर्वांचा मेळ घालावयास व्यवस्थापक आले. एकट्याने लिहिणारा कर्ता हळूहळू मागे पडला. ब्रेबेन यांनी १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिचा 'एलिट डेंजरस' २०१४ मध्ये निघाला, त्यात चाळीस हजार कोटी ग्रहमंडले आहेत आणि त्यामागे मोठा कर्मचारीवर्ग आहे. मुलांना पुन्हा स्वस्त, उघडा, सहज आटोक्यात येणारा संगणक मिळावा म्हणून २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' विक्रीस आला, त्या संस्थेच्या संस्थापकांतही ब्रेबेन यांचे नाव आहे.

मूळ एलिटची आज्ञावली बेल यांनी पुढे सर्वांसाठी खुली केली. अलीकडे तिच्या ओळीओळीवर, पोथीवर टीका लिहावी तशी, सविस्तर टीकाही झाली आहे. पहिल्या दीर्घिकेचे मूळ तीन अंक त्यात दिलेले आहेत. ते अंक घेऊन, अक्षरजोड्यांची यादी समोर ठेवून, कागदावर पेन्सिलीने बेरजा करीत गेले, तर पहिल्या ग्रहाचे नाव टि-बे-डि-एड असे येते. आणि तसेच पुढे जात राहिले, की आठवा ग्रह लावे.