ओट्यावरची विचारपूस आणि अर्धांगवायू

सकाळी दूध घेताना 'काय काका, बरे आहे ना?' असे विचारण्याची रीत आपल्याकडील गल्लीबोळांत अजून टिकून आहे. ही विचारपूस वैद्यकीयदृष्ट्याही मोलाची आहे.

अर्धांगवायूत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. गुठळी असल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, 'रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला?' वेळ तेथून मोजतात. मुले पुण्या-मुंबईला आणि घरी एकटे वडील. अशा वेळी हे उत्तर शेजाऱ्यालाच ठाऊक असते. 'सातला दूध घेताना नीट बोलले' एवढ्या माहितीवर इंजेक्शन द्यायचे की नाही, हे ठरू शकते.

बोलताना तीन गोष्टी पाहाव्यात. हसताना तोंड वाकडे होते काय? दोन्ही हात वर धरल्यास एक खाली येतो काय? शब्द अडखळतात काय? यांपैकी एक जरी अचानक आढळले तरी १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडाने देऊ नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लक्षणे थोड्या वेळाने गेली तरी तपासणी टाळू नये.

आणि रोज सातला उघडणारे दार आठ वाजले तरी बंद दिसले, तर 'आपल्याला काय करायचे' म्हणून पुढे जाऊ नका. कडी वाजवा.